भोंगा वाजला की टपरीवाल्याने काय करायचं?

भोसरीतल्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो. कारखाना गिअर आणि शाफ्टचा. इथे काही विषारी असेल असं रस्त्यावरून जाणाऱ्याच्या मनातही आलं नसतं. पण पोलादाचा वरचा थर कडक करायला भट्टीत अमोनिया वायू सोडावा लागतो, त्याला नायट्रायडिंग म्हणतात. मागच्या शेडमध्ये अमोनियाची सिलिंडरं रांगेत उभी असायची आणि त्यांच्यापायी दर सहा महिन्यांनी आमची मॉक ड्रिल व्हायची.

ड्रिलचा थाट मोठा. भोंगा वर-खाली होत कोकलायचा, तीनशे माणसं हातातलं काम टाकून कँटीनमागच्या मैदानात रांगा लावायची, सुपरवायझर डोकी मोजायचे आणि मी स्टॉपवॉच धरून उभा. मग एका सुरात लांबलचक भोंगा, म्हणजे सगळं ठीक. फोटो, सह्या, फाइल. ऑडिटवाले खूश.

अशाच एका ड्रिलनंतर गेटबाहेर चहा प्यायला गेलो. टपरीवाल्या मामांनी ग्लास पुढे करत विचारलं, "साहेब, मघाशी भोंगा कशाचा?"

"ड्रिल होती मामा. खोटी खोटी."

"आन् खरा वाजला तर आमी काय करायचं?"

मी हसलो. चहा संपवून टेबलाशी आलो आणि आमचा आपत्कालीन आराखडा उघडला. त्यात कारखान्याचा नकाशा होता: भट्ट्या, शेड, पाण्याचे हायड्रंट, असेंब्ली पॉइंट, सगळं रंगवून दाखवलेलं. नकाशा कंपाउंडच्या भिंतीपाशी संपत होता. भिंतीपलीकडे कागद कोरा. टपरी गेटपासून चाळीस पावलांवर, तिच्यामागे पत्र्याच्या खोल्यांची चाळ, पुढे अंगणवाडी. वायू भिंत ओळखत नाही, हे मी नव्या कामगारांना प्रशिक्षणात दरवेळी सांगत असे.

मामांचा प्रश्न साधा होता. त्याचं उत्तर देण्यासाठी जगभरात कायदे झालेत, आपल्याकडेही झालेत, आणि तरी ते उत्तर टपरीपर्यंत क्वचितच पोचतं. हा लेख त्या उत्तराबद्दल आहे.

रसायन कुठे असतं

घातक रसायन म्हटलं की पुणेकराला कुरकुंभ आठवतं. दौंड तालुक्यातली ती रासायनिक एमआयडीसी सोलापूर रस्त्यावर, शहरापासून लांब. म्हणजे आपण सुटलो. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये क्लोरीनची गळती झाली ती कासारवाडीच्या जलतरण तलावावर. सकाळी पोहायला आलेल्या लोकांना खोकल्याची उबळ, डोळ्यांची आग, श्वास लागणं असा त्रास झाला आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. तलावाचं पाणी स्वच्छ राहतं ते क्लोरीनमुळेच. पर्वती, वडगाव, वारजे इथल्या जलकेंद्रांतून आपल्या नळाला येणारं पाणी पिण्याजोगं होतं तेही क्लोरीनमुळे. बर्फाच्या कारखान्यात, शीतगृहात, दुधाच्या मोठ्या प्लँटमध्ये थंडावा अमोनिया देतो. लोणी काळभोरला पेट्रोल-डिझेलच्या टाक्या आहेत. आणि घरोघरी, हॉटेलांत, वडापावच्या गाडीखाली एलपीजी.

७ जून २०२१ रोजी मुळशीतल्या उरवड्याजवळ आग लागून पंधराहून अधिक कामगार गेले, त्यात बहुतेक बायका. तिथे बनत होती पाणी शुद्ध करायची रसायनं. नाव ऐकून कुणाला भीती वाटावी असं काहीच नाही.

इथे एक भेद समजून घेतला की पुढचं सोपं जातं. आपल्या घरातली विळी घ्या. तिला धार आहे, हा धोका. ती विळी पातं मिटून खुंटीला टांगलीय की स्वयंपाकघरात उघडी पडलीय आणि शेजारी पोर रांगतंय, यावर ठरते ती जोखीम. धार दोन्हीकडे सारखीच. क्लोरीन धोकादायक आहे म्हणून शहरातून हद्दपार करा, असं म्हटलं तर पाण्यातून होणारे आजार परत येतील. सुरक्षेचं सगळं काम धार न बदलता जोखीम कमी करण्याचं आहे: साठा कमी ठेवा, वस्तीपासून दूर ठेवा, झडपा बदला, माणसं शिकवा, आणि एवढं करूनही काही बिघडलंच तर आजूबाजूच्यांनी काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. यातला शेवटचा भाग नेहमी राहून जातो.

कोणता वायू, हे का कळायला हवं

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण इथेच लोक चुकतात, आणि चूक जिवावर बेतते.

समजा घरात एलपीजीचा वास येतोय. काय करायचं? गॅस बंद, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या एकाही बटणाला हात लावू नका, चालू असलेला पंखा बंदही करू नका, आणि बाहेर पडा. बटण दाबताना उडणारी बारीकशी ठिणगीसुद्धा पुरते.

आता समजा बाहेरून अमोनिया किंवा क्लोरीन येतोय. इथे बरोबर उलटं. दारं-खिडक्या बंद करा, एसी, कूलर आणि एक्झॉस्ट फॅन बंद करा, दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबा आणि घरातल्या आतल्या खोलीत बसा. बाहेर पडू नका.

एकाच प्रसंगासारख्या दिसणाऱ्या दोन प्रसंगांत दोन विरुद्ध सूचना. म्हणून "गॅस लीक झालाय, पळा" हा निरोप अर्धवट असतो, आणि अर्धवट निरोप कधी कधी निरोपच न मिळण्यापेक्षा वाईट. कोणता गॅस, कुठे, आणि आम्ही आत राहायचं की बाहेर पडायचं, या तीन गोष्टी कळल्या तर माणूस स्वतःला सांभाळतो.

वायूचं वजनही बघावं लागतं. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीच पट जड. तो जमिनीलगत पसरतो, उतारावरून ओघळतो, तळघरात आणि नाल्यात साचतो. त्यामुळे क्लोरीनपासून वाचायला वरच्या मजल्यावर जाणं शहाणपणाचं. एलपीजीही हवेपेक्षा जड, म्हणून तो ओट्याखाली आणि गटारात साचून राहतो. पाइपने घरी येणारा नैसर्गिक वायू मात्र हलका, तो छताकडे जातो. अमोनिया खरं तर हवेपेक्षा हलका, पण दाबाखाली द्रवरूपात साठवलेला अमोनिया एकदम बाहेर पडला की इतका थंड असतो की पांढऱ्या धुक्यासारखा जमिनीवरून सरपटतो. पाठ्यपुस्तकातलं वाक्य पाठ करून "अमोनिया वर जातो" म्हणणाऱ्या एका नव्या इंजिनिअरला मी हे दाखवायला शेडमागे नेलं होतं. त्यानंतर त्याने ते वाक्य पुन्हा उच्चारलं नाही.

द्रवातून वायू होताना आकार किती वाढतो याची कल्पना नसते आपल्याला. एक लिटर द्रव क्लोरीनचा साधारण साडेचारशे लिटर वायू होतो. जलकेंद्रावर क्लोरीन ज्या आडव्या पिंपात येतो त्याला तिथले लोक टनर म्हणतात. एका टनरमध्ये ९०० किलो क्लोरीन. झडपेतून बारीक गळती असेल तर प्रशिक्षित माणूस किट लावून ती थांबवतो. पण गळणाऱ्या जागेवर पाण्याचा फवारा मारण्याची चूक करायची नाही. क्लोरीन आणि पाणी मिळून आम्ल तयार होतं, ते धातू खातं आणि भोक मोठं होतं. अमोनियाचं निराळं. तो पाण्यात अधाशासारखा विरघळतो, म्हणून तिथे पाण्याचा पडदा उभा करतात. चेहऱ्यावर ओला रुमाल धरायला सांगतात तोही याच कारणाने.

जाता जाता घरातलं एक. संडास साफ करायचं आम्लयुक्त लिक्विड आणि ब्लीच एकत्र ओतलं की बाथरूममध्ये क्लोरीन तयार होतो. "दोन्ही मिळून जास्त चकचकीत होईल" म्हणून हे रोज कुठल्या तरी घरात केलं जातं. दार बंद, खिडकी इवलीशी. घरकामाला येणाऱ्या मावशींना हे एकदा समजावून सांगा. बाटलीवरची बारीक अक्षरं कुणी वाचत नाही.

पुण्याचा वारा

आराखड्यांमध्ये नकाशावर कंपासने वर्तुळ काढतात: गळती इथे झाली तर इतक्या अंतरापर्यंत परिणाम. वर्तुळ कागदावर शोभतं, पण वायू वर्तुळात पसरत नाही. उदबत्तीचा धूर पाहा. वाऱ्याच्या दिशेने निमुळता सुरू होतो आणि पुढे रुंदावतो. त्या पट्ट्यात असलेल्याला त्रास, आणि पट्ट्याबाहेर शंभर पावलांवरच्या माणसाला वाससुद्धा नाही. म्हणून पळायचंच झालं तर वाऱ्याच्या दिशेने नाही आणि वाऱ्यासमोर गळतीकडेही नाही. वाऱ्याला आडवं जायचं.

पुण्यात पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, जोरात येतो आणि वायू पातळ करून टाकतो. खरी काळजी हिवाळ्यातल्या रात्रीची. हिवाळ्यात पेपरात किमान तापमान बघता ना? लोहगावपेक्षा शिवाजीनगर आणि पाषाणचा पारा खाली असतो. कारण आभाळ निरभ्र, वारा पडलेला, जमीन गारठते आणि थंड जड हवा सखल भागात येऊन बसते. तिच्यावर उबदार हवेचं झाकण. पहाटे नदीकाठी धुकं आणि शेकोट्यांचा धूर डोक्याएवढ्या उंचीवर तरंगताना दिसतो तो त्यामुळेच. अशा रात्री जड वायू सुटला तर तो वर जाऊन विरत नाही, ओढ्या-नाल्यांच्या वाटेने सखल वस्त्यांत शिरतो. आणि सखल भागात, ओढ्याकाठी कोण राहतं, हे पुणेकरांना सांगायला नको.

भोपाळची रात्रही डिसेंबरचीच होती.

भोपाळनंतर कायदा काय म्हणाला

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडलं. हजारो माणसं मेली, लाखो बाधित झाली. त्या दुर्घटनेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मी इथे एकच बाजू घेतो, माहितीची. कारखान्याशेजारच्या वस्त्यांना आत काय साठवलंय हे ठाऊक नव्हतं. इस्पितळातल्या डॉक्टरांना समोर तडफडणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात काय गेलंय ते कळत नव्हतं. लोक वाट फुटेल तिकडे धावले, अनेक जण वायूच्याच दिशेने. धावताना श्वास खोल जातो, म्हणजे विषही जास्त. ओला कपडा तोंडावर घेऊन दार लावून बसा, एवढी एक सूचना आधी कुणी दिलेली असती तरी बऱ्याच जणांच्या वाट्याला कमी विष आलं असतं.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट या गावी त्याच कंपनीच्या कारखान्यातून गळती झाली आणि शंभराहून अधिक लोकांना उपचार घ्यावे लागले. मग १९८६ मध्ये अमेरिकेने कायदा केला, त्याच्या नावातच समाजाचा जाणून घेण्याचा हक्क आहे. गावोगावी नियोजन समित्या, त्यात अग्निशमन दल, पोलिस, डॉक्टर, पत्रकार, नागरिक. आराखडा कुणालाही बघायला खुला, आणि तो कुठे बघायला मिळेल याची नोटीस दरवर्षी स्थानिक वर्तमानपत्रात द्यायची. आपल्या पेपरांत फ्लॅट-जमिनींच्या जाहीर नोटिसांची पानंच्या पानं असतात. "आपल्या घरापासून अमुक अंतरावर क्लोरीनचा साठा आहे, आराखडा तहसील कार्यालयात पाहावा" अशी नोटीस मी तरी बावीस वर्षांत वाचली नाही.

आपल्याकडे कायदा नाही म्हणून असं आहे का? तसं अजिबात नाही. १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८७ ची कारखाने अधिनियमातली दुरुस्ती, १९८९ चे घातक रसायनांच्या निर्मिती, साठवण व आयातीचे नियम, १९९६ चे रासायनिक अपघातांबाबतचे नियम. भोपाळनंतर बारा वर्षांत आपण बऱ्यापैकी भक्कम घडी बसवली. कागदावर.

१९८९ च्या नियमांत रसायनांची यादी आहे आणि प्रत्येकापुढे वजन. क्लोरीनचं १० टन. तेवढा किंवा जास्त साठा असेल तर तो कारखाना अतिधोकादायक गणला जातो. अशा कारखान्याने स्वतःचा आराखडा करायचा, त्याला ऑनसाइट प्लॅन म्हणतात, आणि दर सहा महिन्यांनी त्याची तालीम घ्यायची. भिंतीबाहेरचा आराखडा म्हणजे ऑफसाइट प्लॅन. तो प्रशासनाने करायचा आणि वर्षातून एकदा त्याची तालीम.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो त्यातला १५ वा नियम. तो म्हणतो की अपघात झाल्यास ज्यांना झळ पोचू शकते अशा बाहेरच्या लोकांना धोक्याचं स्वरूप काय, सुरक्षेचे उपाय कोणते, काय करावं आणि काय करू नये, हे कारखान्याच्या चालकाने स्वतः किंवा प्रशासनामार्फत कळवायचं. नीट बघा: लोकांनी अर्ज करावा, मग माहिती द्यावी, असं नाही. विचारायच्या आधी सांगायचं. मामांनी मला प्रश्न विचारावा लागला, तिथेच या नियमामागचा हेतू हरला होता.

आता मी स्वतःलाच कचाट्यात पकडतो. आमच्याकडचा अमोनिया यादीतल्या वजनाच्या कितीतरी खाली होता. म्हणजे १५ वा नियम आम्हाला लागूच नव्हता. वरिष्ठांना मामांची गोष्ट सांगितल्यावर मला हेच उत्तर मिळालं, "आपण लिस्टमध्ये नाही." खरं होतं. पुण्याच्या आसपास असे शेकडो छोटे साठे असतील, एकेकटे यादीबाहेरचे, पण भिंतीला भिंत लावून वस्ती असलेले. कायद्याची रेषा कुठे तरी ओढावीच लागते. वायू मात्र वजनकाटा बघून सुटत नाही.

समितीत सरपंच असतो

१९९६ च्या नियमांनी केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा चार पातळ्यांवर संकट गट नेमले. बोलताना सगळे क्रायसिस ग्रुपच म्हणतात. जिल्ह्याच्या गटाचे प्रमुख जिल्हाधिकारी, त्याची बैठक दर ४५ दिवसांनी. स्थानिक गटाचे प्रमुख प्रांत, बैठक दर महिन्याला. हे ऐकून तुमच्या भुवया उंचावल्या असतील तर माझी हरकत नाही.

स्थानिक गटात कोण असावं याची यादी मोठी छान आहे. कारखाना निरीक्षक, अग्निशमन अधिकारी, ठाणेदार, गटविकास अधिकारी हे आलेच. पण त्यांच्याबरोबर वाहतूकदार, गावातले दोन डॉक्टर, दोन सामाजिक कार्यकर्ते, स्वयंसेवी संस्थेचा माणूस, स्थानिक वर्तमानपत्राचा संपादक आणि सरपंच किंवा तसाच कुणी गावपुढारी. ज्याने ही यादी केली त्याला गाव कळत होतं. गळती झाल्यावर लोक सरकारी पत्रकाची वाट पाहत नाहीत, ते ओळखीच्या डॉक्टरला आणि सरपंचाला फोन लावतात. त्या दोघांनी आराखडा आधी पाहिलेला असेल तर तोच फोन इशाऱ्याचं काम करतो. नसेल तर त्याच फोनवरून अफवा निघते.

भोंगा वाजवण्याचीही एक मेख असते. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमला स्टायरिन वायूची गळती झाली. कारखान्यात भोंगा होता. तो वाजला नाही. लोकांना जाग आली ती वासाने आणि घुसमटीने. यंत्र बिघडलेलं नव्हतं, बटण दाबलं गेलं नाही. मी त्या वयात, त्या खुर्चीत बसलेलो असतो तर दाबलं असतं का? रात्री तीन वाजता, वरिष्ठांना न विचारता, सगळं गाव जागं करायचं, आणि गळती किरकोळ निघाली तर दुसऱ्या दिवशी चौकशी. म्हणून चांगल्या आराखड्यात भोंगा कुणी वाजवायचा हे नावानिशी लिहिलेलं असतं, आणि खोटा ठरला तरी त्याला बोल लावायचा नाही हेही लिहिलेलं असतं. पहिली ओळ मी पुष्कळ आराखड्यांत पाहिली, दुसरी फार कमी.

"उगाच घाबरवू नका"

माहिती का देत नाहीत, याला दोन कारणं ऐकू येतात. एक सुरक्षेचं: साठे कुठे आहेत हे जाहीर केलं तर घातपाती लोक त्याचा फायदा घेतील. यात तथ्य आहे. पण टाकी कुठल्या कोपऱ्यात, झडप कुठली, पहारा किती, हे लोकांना नकोच आहे. त्यांना हवंय ते एवढंच, की काय सुटू शकतं आणि आम्ही काय करायचं.

दुसरं कारण घबराटीचं. आमच्या सोसायटीच्या सभेत मी दहा मिनिटं मागितली तेव्हा सेक्रेटरी हेच म्हणाले, "काका, लोकांना उगाच घाबरवू नका. फ्लॅटचे भाव पडतील." दुसरं वाक्य त्यांनी हळू आवाजात म्हटलं.

पुण्याने १२ जुलै १९६१ पाहिलाय. पानशेतचं धरण धोक्यात आहे हे धरणावरच्या लोकांना आदल्या दिवशी ठाऊक होतं, जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते. खाली शहरात बहुतेकांची सकाळ नेहमीसारखी उजाडली. माझी आई तेव्हा शनिवारात राहायची. ती सांगायची, पाणी आलं म्हणून लोक ओरडत आले तेव्हा तिच्या हातात पोळीचा उंडा होता. घाबरायला वेळ मिळाला असता तर बरं झालं असतं, असं ती म्हणे.

माझा अनुभव सांगतो, आधी सांगितलेली माणसं कमी घाबरतात. कुरकुंभला ऑगस्ट २०१९ मध्ये रात्री एका कारखान्यात मोठी आग लागली तेव्हा आसपासच्या गावांतले लोक अंधारात घरं सोडून निघाले. कुठे जायचं, किती लांब, कधी परतायचं, हे ठाऊक नसलं की रात्र फार मोठी होते.

रस्त्यावरचा टँकर

कारखाना निदान जागचा हलत नाही. टँकर तुमच्या शेजारी येऊन उभा राहतो, नवले पुलाच्या उतारावर, चांदणी चौकात, चाकणच्या कोंडीत. घातक माल नेणाऱ्या गाडीवर १९८९ च्या मोटार वाहन नियमांनुसार माहितीची पाटी लागते, दोन्ही बाजूंना आणि मागे. त्यावर मालाचं नाव, चार आकडी यूएन नंबर, धोक्याचं चिन्ह आणि मदतीसाठी फोन. तो यूएन नंबर जगभर एकच. १२०३ पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ एलपीजी, १०१७ क्लोरीन, १००५ अमोनिया, १८३० सल्फ्युरिक आम्ल, १२३० मिथेनॉल. माझा नातू सिग्नलला हे नंबर ओळखतो, बाकीची मुलं गाड्यांची मॉडेलं ओळखतात तसा.

पाटीवर आणखी एक छोटा कोड असतो, तो अग्निशमन दलासाठी: पाण्याचा फवारा मारायचा, फेस मारायचा की कोरडी पावडर. त्याच्या शेवटी इंग्रजी 'ई' असेल तर अर्थ असा की आसपासच्या लोकांना हलवण्याचा विचार करा. एवढं एक अक्षर लक्षात ठेवायला हरकत नाही.

१३ जून २०२३ ला एक्स्प्रेसवेवर लोणावळ्याजवळ रसायनाचा टँकर उलटून पेटला, जळतं रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडलं आणि चार जणांचा जीव गेला. सांडलेला द्रव उतार शोधतो, हे त्या वाटेने जाणाऱ्यांना कोण सांगणार? टँकर उलटलेला दिसला तर लांबूनच नंबर वाचा किंवा मोबाइलच्या झूमने फोटो घ्या, ११२ वर तो नंबर सांगा आणि मागे फिरा. काय आहे ते ठाऊक नसेल तर निदान शंभर मीटर लांब. एलपीजीचा टँकर आगीत सापडला असेल तर शंभर मीटर काहीच नाही, जाणकार दीड किलोमीटरच्याही पुढे जायला सांगतात. कारण टाकीतला द्रव उकळतो, दाब वाढतो, पोलाद तापून मऊ पडतं आणि अख्खी टाकी फुटते. व्हिडिओ काढणारे आणि डबे घेऊन सांडलेलं पेट्रोल भरायला धावणारे, दोघांनाही माझा हात जोडून नमस्कार. घरी जा.

कुणाला आणि काय विचारायचं

तुमच्या भागात अतिधोकादायक कारखाना आहे का, हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला ठाऊक असतं. ऑफसाइट प्लॅनचा विषय जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा. आधी साधं पत्र द्या, सोसायटीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर. उत्तर नाही आलं तर दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीचा अधिकार आहेच.

पत्रात मोघम लिहू नका. "परिसर सुरक्षित आहे का" असं विचारलं की "होय" असं उत्तर येतं आणि फाइल बंद. असं विचारा: कोणतं रसायन, एका वेळी जास्तीत जास्त किती? परिणामक्षेत्राच्या नकाशात आमची वस्ती येते का? इशारा कसा देणार, भोंग्याचे सूर कोणते? आम्ही घरात थांबायचं की निघायचं, आणि निघायचं तर कुठल्या शाळेत? शेवटची तालीम कधी झाली आणि तिच्यात कारखान्याबाहेरचे किती लोक होते? या शेवटच्या प्रश्नाला मी फार मान देतो. त्याचं उत्तर बहुधा शून्य येतं, आणि शून्य लेखी मिळालं की पुढची बैठक लवकर लागते.

सोसायटीच्या पातळीवर फार काही लागत नाही. वॉचमनला हे सगळं पहिल्यांदा सांगा, कारण रात्री जागा तोच. भोंग्याचे दोन सूर आणि ११२, १०१, १०८ हे नंबर केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लावा, शेजारी एलपीजी गळतीचा १९०६. ग्रुपवर गळतीचा निरोप कुणी एकानेच टाकायचा, हे आधी ठरवून ठेवा. अंथरुणाला खिळलेलं कोण, दम्याचं कोण, एकटं कोण, याची यादी असू द्या. ती बहुतेक वेळा तयारच असते, दिवाळीचा फराळ पोचवणाऱ्या काकूंच्या डोक्यात.

मामांना मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. वर-खाली भोंगा वाजला की स्टोव्ह विझवा, रुमाल भिजवून तोंडावर धरा, आमच्या शेडवर बांबूला ती नारिंगी कापडी पिशवी फडफडते तिच्याकडे बघा. तिचं तोंड ज्या बाजूला त्या बाजूने वारा येतोय, शेपटी ज्या बाजूला त्या बाजूला वायू जाणार. तिला आडवं चालायचं. चाळीतल्या लोकांना आणि अंगणवाडीच्या ताईंना दार लावून आत बसायला सांगायचं. पुढच्या ड्रिलला मी त्यांना आत बोलावलं, नकाशाही वाढवून घेतला, टपरी, चाळ आणि अंगणवाडी दाखवणारा. वरिष्ठांनी सही केली, थोडी कुरकुर करून.

त्यानंतर वर्षभराने असेल, सकाळी गेटवर गाडी लावत होतो तर मामा टपरीवरून हाक मारत आले. म्हणाले, "साहेब, ती तुमची वाऱ्याची पिशवी फाटलीय. आठवडा झाला, नुसती लोंबतीय. बदलून घ्या."

मी वर पाहिलं. खरंच फाटली होती. आतल्या तीनशे माणसांपैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्यासकट.